जन्माचा दाखला : आधी जन्मगाव शोधावे, मग कार्यालय

डोळखांबच्या पुढल्या एखाद्या पाड्यावरची सून बाळंतपणासाठी शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात दाखल होते. गुंतागुंत वाढल्याने तिला उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात हलवले जाते आणि बाळ तिथे जन्माला येते. काही वर्षांनी त्या बाळाच्या वडिलांना जन्माचा दाखला हवा असतो. ते आपल्या ग्रामपंचायतीत जातात. नोंदवहीत नाव सापडत नाही. तिथून पंचायत समिती, पंचायत समितीतून तहसील कचेरी आणि कचेरीतून पुन्हा ग्रामपंचायत. प्रत्येक फेरीला एका दिवसाची मजुरी बुडते. नाव सापडणार नसतेच, कारण ते तिथे कधी लिहिलेले नसते.

शहापूर आणि मुरबाड या ठाणे जिल्ह्यातील दोन ग्रामीण तालुक्यांत जन्मदाखल्यासाठी घातले जाणारे बरेचसे हेलपाटे या एकाच गैरसमजातून होतात. दाखला राहत्या गावी मिळतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. जन्म आणि मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ मात्र वेगळे सांगतो. ज्या निबंधकाच्या हद्दीत जन्म झाला, त्याच्याच नोंदवहीत त्याची नोंद होते आणि दाखलाही तिथूनच मिळतो. आईवडिलांचे रेशनकार्ड कुठले, मतदारयादीत नाव कुठे, वडिलोपार्जित घर कोणत्या गावात, याचा त्याच्याशी संबंध नाही.

हा नियम साधा असला तरी या दोन तालुक्यांच्या भूगोलात तो लागू करणे तितके साधे नाही. शहापूर तालुका वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा या रेल्वे स्थानकांच्या आधाराने पसरला आहे. मुरबाडला अद्याप रेल्वे पोचलेली नाही आणि तिथली सगळी ये-जा कल्याण-माळशेज रस्त्याने होते. तालुक्याच्या रुग्णालयात ज्यांची सोय होत नाही, अशी बाळंतपणे कल्याण, उल्हासनगर, कळवा, ठाणे किंवा मुंबईला जातात. कसाऱ्याकडच्या लोकांना नाशिकही जवळचे. त्यामुळे मूळ गावी कुणी जन्मलेच नाही, पण घरात मुले पाच, असे चित्र अनेक घरांत दिसते.

त्यात पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत. मुरबाडच्या पूर्वेकडील गावांच्या सोयरिकी माळशेज घाट ओलांडून जुन्नरपर्यंत, तर कसाऱ्याकडील गावांच्या इगतपुरीपर्यंत जुळलेल्या असतात. म्हणजे थोरल्या मुलाची नोंद पुणे किंवा नाशिक जिल्ह्यातील एखाद्या ग्रामपंचायतीत आणि धाकट्याची शहापुरात, असे सहज घडते. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा झाला. त्यामुळे ज्यांचे आजोळ वाडा, जव्हार किंवा मोखाड्यात आहे, त्यांच्या जन्मगावाचा जिल्हाही आता वेगळा आहे. अर्ज लिहिण्याआधी घरातील वडीलधाऱ्या बाईमाणसाला नीट विचारून घेणे हे यातले सर्वात उपयोगी काम. बाळंतपण नेमके कुठे झाले, कोणत्या ऋतूत, घरी की दवाखान्यात, हे आजीला आठवते. कागदावर ते असेलच असे नाही.

नोंदवही कोणाकडे?

ग्रामीण भागात ग्रामपंचायतीचा ग्रामसेवक हा जन्म-मृत्यूचा निबंधक असतो. राज्य सरकारने २०२४ मध्ये ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही दोन्ही पदे एकत्र करून त्यांना ‘ग्रामपंचायत अधिकारी’ असे नाव दिले. गावात मात्र त्यांना अजूनही ‘भाऊसाहेब’च म्हटले जाते. शहापूर आणि मुरबाड ही दोन्ही तालुक्यांची गावे आता नगरपंचायतींच्या अखत्यारीत आहेत. तिथल्या हद्दीत झालेल्या जन्मांचे दाखले नगरपंचायतीकडे मागावे लागतात. गाव ग्रामपंचायतीत होते त्या काळातील नोंदींचीही चौकशी तिथूनच सुरू करावी. कल्याण, उल्हासनगर, ठाणे येथे झालेल्या जन्मांसाठी त्या त्या महापालिकेचा जन्म-मृत्यू नोंदणी विभाग आहे. शासकीय रुग्णालयातील जन्म असल्यास आधी रुग्णालयातच विचारलेले बरे, कारण नोंद कोणत्या नोंदणी केंद्राकडे पाठवली गेली, हे तिथल्या बाळंतपणाच्या नोंदवहीवरून लगेच कळते.

दोन्ही तालुक्यांत प्रत्येकी शंभरावर ग्रामपंचायती आहेत आणि त्यांतील अनेक गट ग्रामपंचायती आहेत. एका ग्रामपंचायतीखाली तीन-चार गावे आणि डझनभर पाडे असणे ही इथली नेहमीची गोष्ट. पुढे काही गटांचे विभाजन झाले, नव्या ग्रामपंचायती निघाल्या. जुन्या नोंदवह्या मात्र बहुधा मूळ ग्रामपंचायतीच्या कपाटातच राहिल्या. १९८५ मध्ये पाड्यावर जन्मलेल्या माणसाची नोंद आज त्या पाड्याला लागणाऱ्या ग्रामपंचायतीत नसेल, तर ‘तेव्हा आपला पाडा कोणत्या ग्रामपंचायतीत होता’ हा प्रश्न विचारावा. एकेका अधिकाऱ्याकडे दोन-तीन ग्रामपंचायतींचा कारभार असल्याने ते कोणत्या दिवशी कुठे बसतात, याची आधी चौकशी केलेली बरी. शहरातून रजा काढून येणाऱ्याने तर ती करावीच.

वाहनात झालेल्या जन्माबाबतही नियम आहे. रुग्णवाहिकेत, जीपमध्ये किंवा लोकलमध्ये बाळ जन्माला आले, तर वाहन त्यानंतर पहिल्यांदा जिथे थांबेल तिथल्या निबंधकाला त्याची खबर द्यावयाची असते. ज्या पाड्यांपर्यंत बारमाही रस्ता नाही आणि बाळंतिणीला झोळीतून मुख्य रस्त्यापर्यंत आणावे लागते, तिथे ही तरतूद केवळ पुस्तकी राहत नाही. वाटेत जन्मलेल्या बाळाला घरचे गाव लावायचे की रुग्णालयाचे, यावरून पुढे घोळ होतो. रुग्णालयाच्या नोंदवहीत ‘येताना वाटेत प्रसूती’ असा शेरा असेल, तर त्याची प्रत मागून घ्यावी.

एकवीस दिवसांची मुदत

जन्माची खबर २१ दिवसांत द्यावयाची असते. रुग्णालयात जन्म झाला असल्यास ती जबाबदारी रुग्णालयाच्या प्रमुखाची. घरी झाला असल्यास कुटुंबप्रमुखाची. सुईण किंवा आरोग्य कर्मचारी यांच्यावरही कळवण्याची जबाबदारी कायद्याने टाकलेली आहे. खबर ‘नमुना १’ या जन्म अहवालावर दिली जाते. या अहवालाचे दोन भाग असतात. कायदेशीर भागात बाळाचे लिंग, जन्मतारीख, जन्मस्थळ, आईवडिलांची नावे आणि पत्ते असतात आणि त्यावरूनच पुढे दाखला तयार होतो. सांख्यिकी भागात आईचे वय, शिक्षण, बाळाचे वजन अशी माहिती असते. ती आकडेवारीसाठी जाते आणि दाखल्यावर कधीच उतरत नाही. रुग्णालयातील घाईगर्दीत हा अहवाल परिचारिका भरते आणि नातेवाईक सही करून मोकळे होतात. पुढची निम्मी दुरुस्ती त्या सहीआधी दोन मिनिटे वाचले असते तर टळली असती.

मुदतीत नोंद झाली की खबर देणाऱ्याला दाखल्याची पहिली प्रत विनाशुल्क मिळते. २०२३ च्या दुरुस्तीनंतर ती नोंदणीपासून सात दिवसांच्या आत, इलेक्ट्रॉनिक किंवा अन्य स्वरूपात, देण्याचे बंधन आहे. आता नोंदी केंद्र सरकारच्या नागरी नोंदणी प्रणालीच्या संकेतस्थळावर केल्या जातात आणि तिथून निघणारा दाखला मराठी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत असतो. त्यावरील चौकोनी संकेतचिन्हावरून त्याची खातरजमा करता येते.

नाव न ठेवताच नोंद झाली असली, तरी बिघडत नाही. बारशाआधी नोंद होत असल्याने नावाचा रकाना मोकळा राहणे स्वाभाविक आहे. पालकांनी बारा महिन्यांच्या आत नाव कळवल्यास ते विनाशुल्क लिहिले जाते, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत नाममात्र विलंब शुल्क भरून. पंधरा वर्षे उलटलेल्यांसाठी राज्यात वेळोवेळी खास सवलत देण्यात आली. अशी एक मुदत २७ एप्रिल २०२६ पर्यंत देण्यात आली होती. जुन्या दाखल्यांवर नावाच्या जागी केवळ ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ असे लिहिलेले आढळते. असा दाखला वर्षानुवर्षे ट्रंकेत पडून असतो आणि पासपोर्टच्या वेळी प्रथम उघडला जातो.

नोंदच झाली नसेल तर

यापुढचा भाग अधिक अडचणीचा. २१ दिवसांनंतर पण ३० दिवसांच्या आत खबर दिली, तर विलंब शुल्क घेऊन निबंधक नोंद करतो. ३० दिवसांनंतर वर्षापर्यंत जिल्हा निबंधकाची किंवा नियमाने ठरवलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते; पूर्वी यासाठी प्रतिज्ञापत्र मागितले जाई, २०२३ च्या दुरुस्तीनंतर स्वयंसाक्षांकित कागदपत्र चालते. वर्ष उलटले की निबंधक स्वतः काहीच करू शकत नाही. त्याला आदेश लागतो.

हा आदेश पूर्वी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी देत. शहापूर आणि मुरबाड या दोन्ही ठिकाणी न्यायालये असल्याने वकिलामार्फत अर्ज करून तो मिळवला जाई. संसदेने २०२३ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली आणि हा अधिकार जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्याने प्राधिकृत केलेला कार्यकारी दंडाधिकारी यांच्याकडे आला. व्यवहारात काम तहसील कचेरीत गेले. खर्च आणि वेळ दोन्ही वाचतील, अशी अपेक्षा होती. मात्र मालेगावसह राज्यात काही ठिकाणी बनावट कागदपत्रांच्या आधारे असे दाखले दिले गेल्याच्या तक्रारी आल्या, विशेष तपास पथक नेमले गेले आणि जानेवारी २०२५ मध्ये वर्षाहून अधिक विलंबाच्या नोंदींचे आदेश देणे थांबवण्यात आले. पुढे १२ मार्च २०२५ च्या शासन निर्णयाने नवी, अधिक कडक कार्यपद्धती ठरवण्यात आली. तीनुसार पुराव्यांची छाननी आणि पोलिसांचा अभिप्राय आवश्यक असून, माहिती खोटी ठरल्यास फौजदारी कारवाईची तरतूद आहे. केवळ आधार कार्ड हा जन्मतारखेचा किंवा जन्मस्थळाचा पुरावा मानू नये, अशा सूचनाही महसूल विभागाने २०२५ मध्ये दिल्या.

म्हणून विलंबित नोंदीसाठी जाणाऱ्याने आधार कार्डाची झेरॉक्स घेऊन तहसील कचेरी गाठू नये. पहिली पायरी आहे ‘नमुना १०’, म्हणजे अनुपलब्धता प्रमाणपत्र. ज्या गावात जन्म झाला तिथल्या निबंधकाने नोंदवही तपासून, अमुक वर्षात अशी नोंद आढळत नाही, असे लेखी द्यावयाचे असते. ‘सापडत नाही’ असे तोंडी सांगून अर्जदाराला परत पाठवणे हे या प्रमाणपत्राचे काम करीत नाही. त्याच्यासोबत रुग्णालयाचे कागद, आरोग्यसेविकेकडील किंवा अंगणवाडीतील नोंद, लसीकरणाचे कार्ड, शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, भावंडांचे जन्मदाखले अशी जी जी तत्कालीन कागदपत्रे मिळतील ती जोडावीत. जन्माच्या काळातला कागद आणि पुढे वीस वर्षांनी केलेले प्रतिज्ञापत्र यांचे वजन सारखे नसते.

वीटभट्टीवरची बाळे

कागदांची ही मागणी कोणावर सर्वाधिक जड पडते, हे या दोन तालुक्यांत शोधावे लागत नाही. दिवाळीनंतर कातकरी वाड्यांना कुलपे लागतात. कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी, कल्याण, वसई या भागांतील वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. या सहा-सात महिन्यांत जन्मलेले मूल भट्टीवरच्या झोपडीत जन्माला आलेले असते. कायद्याप्रमाणे त्याची नोंद भट्टी ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत असेल तिथे, २१ दिवसांत व्हावयाची. तिथल्या ग्रामपंचायतीला हे कुटुंब माहीत नसते, कुटुंबाला ती ग्रामपंचायत माहीत नसते आणि भट्टीमालकाला मजुरांच्या घरच्या जन्माची खबर देण्यात स्वारस्य असण्याचे कारण नाही. पावसाळ्यात घरी परतल्यावर आईवडील आपल्या गावच्या भाऊसाहेबांकडे जातात. ते नोंद करू शकत नाहीत, कारण जन्म त्यांच्या हद्दीतला नाही. तोवर महिना उलटलेला असतोच. पुढच्या हंगामात वर्षही उलटते.

कातकरी ही महाराष्ट्रातील विशेष असुरक्षित आदिवासी समूहांपैकी एक जमात आहे. कोलाम आणि माडिया गोंड या अन्य दोन. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या जनमन अभियानात अशा जमातींना आधार, जातीचा दाखला आदी कागदपत्रे मिळवून देण्यासाठी वाड्यांवर शिबिरे घेण्याची कल्पना आहे. शिबिरात आधार निघू शकते. पण जन्म दुसऱ्या तालुक्यातला असेल, तर जन्मदाखला निघत नाही. बनावट नोंदी रोखण्यासाठी केलेली कडक व्यवस्था आवश्यक असली, तरी पुराव्याचा कागद ज्यांच्या घरात कधी आलाच नाही, त्यांच्यासाठी वेगळी वाट तीत फारशी दिसत नाही. अशा कुटुंबांना मदत करणाऱ्याने भट्टीचे गाव, हंगामाचे वर्ष आणि जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र या तीन गोष्टी आधी निश्चित कराव्यात. गरोदरपणाची तपासणी किंवा बाळाची पहिली लस त्या केंद्रात झाली असेल, तर तिथली नोंद हा मोठा आधार ठरतो.

शाळाप्रवेशाबाबत एक दिलासा आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार वयाचा पुरावा नाही म्हणून कोणत्याही मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. रुग्णालयाची किंवा अंगणवाडीची नोंद, तीही नसल्यास पालकांचे वयाबाबतचे निवेदन स्वीकारण्याची व्यवस्था आहे. मात्र १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने, त्या दिवशी वा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी शिक्षणसंस्थेतील प्रवेश, वाहन परवाना, मतदारयादी, विवाह नोंदणी, सरकारी नोकरी, पासपोर्ट आणि आधार यांकरिता जन्मतारीख व जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जाणार आहे. पासपोर्टच्या नियमांतही फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यानुसार बदल झाला. त्याआधी जन्मलेल्यांना शाळा सोडल्याच्या दाखल्याची पळवाट आहे. ती पुढच्या पिढीला नाही. ऑक्टोबर २०२३ नंतरच्या हंगामात भट्टीवर जन्मलेली मुले पहिलीच्या वर्गाशी पोचतील, तेव्हा या दोन कायद्यांची गाठ कशी सोडवली जाते, हे पाहावे लागेल.

कोतवाल बुकातील आजोबा

शहरात स्थायिक झालेली जी मंडळी आज शहापूर-मुरबाडच्या तहसील कचेऱ्यांत दिसतात, त्यांतील अनेकांना स्वतःचा नव्हे, तर आजोबांचा किंवा पणजोबांचा जन्म शोधायचा असतो. कारण जातपडताळणी. अनुसूचित जमातीच्या दाव्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा, तर इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा महत्त्वाचा मानला जातो. कुणबी, तसेच महादेव कोळी, ठाकूर, वारली, कातकरी अशा आदिवासी जमातींची मोठी वस्ती असलेल्या या तालुक्यांत त्यामुळे जुन्या जन्मनोंदीला फार मोल आले आहे.

१९६९ चा कायदा महाराष्ट्रात १ एप्रिल १९७० पासून अमलात आला. त्याआधीची व्यवस्था महसूल आणि गावपोलीस यंत्रणेच्या हातात होती. गावात जन्म किंवा मृत्यू झाला की कोतवाल खबर आणी आणि ती ‘गाव नमुना १४’ मध्ये लिहिली जाई. लोक त्यालाच ‘कोतवाल बुक’ म्हणतात. ही दप्तरे आता तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात असतात, ग्रामपंचायतीत नव्हे. न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी २०२३ मध्ये राज्यभर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा तपासल्या गेलेल्या कागदपत्रांत हे नमुनेही होते.

आजचा जन्मदाखला आणि ही नोंद यांत एक मोठा फरक आहे. आजच्या दाखल्यावर जात नसते. कोतवाल बुकात ती असते. उलट आजच्या दाखल्यावर मुलाचे नाव असते, कोतवाल बुकात बहुधा नसते. ‘अमक्यास मुलगा झाला’ एवढ्याच अर्थाची ती ओळ असते. त्या ओळीतला मुलगा म्हणजे आपलेच आजोबा, हे सिद्ध करण्यासाठी वंशावळ, भावंडांच्या नोंदी, सातबाऱ्यावरील वारसांचे फेरफार आणि शाळेच्या जुन्या रजिस्टरातील उतारा यांची साखळी जुळवावी लागते. आडनावाऐवजी केवळ बापाचे नाव, गावाचे जुने उच्चार, शिवाय काही पाने मोडीत. मोडी वाचता येत नसेल, तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावे लागते.

शोध घेण्यासाठी अर्जात गाव, अंदाजे वर्ष आणि पणजोबांचे नाव दिलेले असावे. ‘सन १९३५ ते १९४५’ असा पट्टा लिहिलेला बरा, कारण सांगितलेले वय आणि खरे वय यांत चार-सहा वर्षांचा फरक सहज पडतो. नोंद सापडली की नकलेसाठी अर्ज करून शुल्क भरावे आणि साक्षांकित नक्कल घ्यावी. मोबाइलवर काढलेले छायाचित्र शोधासाठी उपयोगी. पडताळणी समितीपुढे नक्कलच लागते. पाने वाळवीने खाल्लेली किंवा गळक्या छपराखाली विरलेली असतील, तर तेही लेखी घ्यावे.

एक जूनचे वाढदिवस

जन्मदाखला मिळाला तरी तो इतर कागदांशी जुळतोच असे नाही. ग्रामीण महाराष्ट्रात १ जून या तारखेला जन्मलेल्यांची संख्या निसर्गनियमाला न शोभणारी आहे. मुलाचे वय सांगता न आल्यास गुरुजी शाळेच्या सोयीची तारीख लिहीत आणि तीच आयुष्यभर चालू राही. पुढे ग्रामपंचायतीच्या वहीत खरी नोंद सापडते आणि तीत तारीख निघते श्रावणातली. अशा वेळी नोंदवही शाळेप्रमाणे बदलून मागण्याचा मोह होतो. तसे करता येत नाही. मूळ नोंद खोडली जात नाही. चूक असेल तर समासात दुरुस्ती लिहून त्यावर निबंधकाची सही व तारीख होते. लेखनातील किरकोळ चूक निबंधक खात्री करून दुरुस्त करू शकतो. चूक मूळ आशयाची असेल, तर ती माहीत असलेल्या दोन विश्वसनीय व्यक्तींचे निवेदन लागते. नोंद बरोबर असून शाळेतील तारीखच काल्पनिक असेल, तर दुरुस्ती शाळेच्या बाजूने मागावयाची असते. आणि शाळा सोडल्यानंतर ती अवघड असते.

मुलाच्या वडिलांचे नाव लावायचे नसलेल्या किंवा लावता न येणाऱ्या मातांनाही दाखला नाकारता येत नाही. एकट्या किंवा अविवाहित मातेने अर्ज केल्यास केवळ प्रतिज्ञापत्र घेऊन दाखला द्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१५ मध्ये स्पष्ट केले आहे.

वीस रुपये, पाच दिवस

नोंद अस्तित्वात असेल, तर प्रत मिळवणे हे या सगळ्यातले सर्वात सोपे काम. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली ग्रामपंचायतींच्या ज्या सेवा अधिसूचित झाल्या, त्यांत जन्मनोंदीचा दाखला आहे. त्या अधिसूचनेनुसार शुल्क २० रुपये आणि मुदत पाच दिवसांची. अर्ज ग्रामपंचायतीत, तिथल्या आपले सरकार सेवा केंद्रात किंवा आपले सरकार संकेतस्थळावरून करता येतो. मुदतीत दाखला मिळाला नाही किंवा कारण न देता नाकारला गेला, तर पहिले अपील सहायक गटविकास अधिकाऱ्याकडे, दुसरे गटविकास अधिकाऱ्याकडे, म्हणजे दोन्ही शहापूर किंवा मुरबाडच्या पंचायत समितीतच होतात. तिसरे राज्य लोकसेवा हक्क आयोगाकडे. विलंबाला सबळ कारण नसल्यास संबंधित अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. या सर्वांसाठी एकच गोष्ट लागते, ती म्हणजे अर्जाची दिनांकित पोच. गावात ओळखीने काम होते, म्हणून पोच मागायला संकोच वाटतो आणि नेमका तोच कागद पुढे नसतो.

अर्जावर नोंदणी क्रमांक आणि नोंदणीची तारीख लिहिता आली, तर शोध काही मिनिटांचा. जन्मतारीख आणि नोंदणीची तारीख वेगळ्या असतात. नोंदवही दुसऱ्या तारखेच्या क्रमाने लागलेली असते. डिसेंबरअखेर जन्मलेल्याची नोंद पुढच्या वर्षाच्या वहीत असू शकते, हे अनेकदा लक्षात येत नाही. हस्तलिखित जुना दाखला हाती असणाऱ्यांनी तो टाकून देऊ नये. पासपोर्ट कार्यालय किंवा परदेशी दूतावास संगणकीकृत प्रत मागतात, तेव्हा जुन्या दाखल्यावरील क्रमांकावरूनच ती नोंद संगणकावर चढवून घेता येते. परदेशात वापरण्यासाठी दाखला राज्य सरकारकडून प्रमाणित करून पुढे परराष्ट्र मंत्रालयाच्या अपोस्टिलसाठी पाठवावा लागतो. त्या वाटेवर नावातील एका इंग्रजी अक्षराची चूकही कागद परत आणते. म्हणून प्रत हातात पडल्यावर खिडकीजवळच उभे राहून आईचे नाव, वडिलांचे नाव, आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग आणि जन्मस्थळ पासपोर्टशी ताडून पाहावे. दुरुस्ती करणारे भाऊसाहेब त्या वेळी समोर असतात; दुसऱ्या दिवशी ते दुसऱ्या ग्रामपंचायतीत गेलेले असू शकतात.